कंपनीच्या नकाशावरची गावपळण

निवृत्त होऊन मालवणात परतलो आणि पहिल्याच आठवड्यात मासळीबाजारात माझी उलटतपासणी झाली. बांगड्यांची पाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या, लहानपणापासून ओळखणाऱ्या बाईंनी विचारलं, "इतकी वर्सां मुंबयत तू नेमक्या काय करी होतंस रे?"

"माणसां मोजी होतंय," मी म्हटलं.

"मगे? कोण हरावलेलो?"

खरं सांगायचं तर माझ्या नोकरीची इतकी नेमकी व्याख्या आमच्या कंपनीतल्या कुठल्याही साहेबाला जमली नव्हती. कंपनी परदेशी. समुद्रातून तेल आणि वायू काढायचा, आणि हल्ली जनाची नाही तरी मनाची म्हणून पवनचक्क्याही उभ्या करायच्या, असा तिचा व्यवसाय. चार खंडांत कार्यालयं. किती तेल निघालं हे सांगायला यंत्रं होती. किती माणसं आली, किती गेली, कुठून गेली आणि का गेली, हे सांगायला मी होतो. तेलाची गळती झाली की भोंगा वाजायचा. माणसांची गळती झाली की माझा फोन वाजायचा.

बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यात गंमत असते. माणसं नोकरी सोडतात तीही आपापल्या मुलखाच्या रीतीनं. उत्तरेच्या थंड समुद्रावरची आमची माणसं सोडून जातच नसत, तिथल्या तिथे म्हातारी होत. आखातातली माणसं पोरांची शाळा संपली की सामान बांधत. पूर्वेकडच्या शहरांतली तरुण मंडळी समोरच्या इमारतीत चार पैसे जास्त मिळतात म्हणून रस्ता ओलांडत. मुंबईतली बोनस हातात पडेपर्यंत साहेबाच्या विनोदाला मनापासून हसत आणि दिवाळीनंतर राजीनामा ठेवत. हे सगळं मी तक्त्यात मांडायचो, नकाशावर लाल-हिरवे ठिपके लावायचो आणि मुख्य कार्यालयाकडे पाठवून द्यायचो.

आमच्या कोकणी माणसांनी मात्र त्या कार्यालयाला कायम घोर लावला. मुंबईजवळच्या समुद्रातल्या, तेल काढायच्या फलाटांवर सिंधुदुर्गातले पुष्कळ जण होते. दर वर्षी पावसाळ्याच्या शेवटाला त्यांची हजेरी एकदम तळ गाठायची आणि हा खड्डा दर वर्षी वेगळ्या तारखेला पडायचा. तिकडच्या एका तज्ज्ञाने त्याचा संबंध वाऱ्याच्या दिशेशी जोडून छान निबंध लिहिला. मी त्याला भिंतीवरच्या पंचांगाचा फोटो पाठवला आणि चतुर्थीवर बोट ठेवलं. त्याने विचारलं, "हा दिवस कायमचा एका तारखेला आणता येणार नाही का?" मी म्हटलं, गणपतीशी बोलून पाहतो.

अशा माझ्यासारख्या माणसाच्या हातून नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक बरं काम झालं. पुण्या-मुंबईतून राजीनामा देणाऱ्या आमच्या भागातल्या पोरांशी मी बोलत असे. पगाराची तक्रार कोणाचीच नव्हती. कोणाची आई एकटी होती, कोणाची बाग माकडं खात होती. मी वरिष्ठांना म्हटलं, माणूस गावाकडे पळतोच आहे तर कार्यालयच तिकडे नेऊ. तेव्हा घरून काम करण्याचे दिवस होते, सगळ्यांच्या डोक्यात वारं शिरलेलं होतं. त्या वाऱ्यात माझी होडी निघाली. मालवण तालुक्यातल्या एका गावात, बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या इमारतीत, कंपनीचं केंद्र सुरू झालं. गावाचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

तिथून आमची पोरं जगभरच्या फलाटांवरच्या माणसांच्या पाळ्या लावत. आखातातला वेल्डर कधी उतरणार, थंड समुद्रातला आचारी कुठल्या हेलिकॉप्टरने चढणार, हे सगळं काजूच्या त्या जुन्या कारखान्यातून ठरायचं. भिंतींना अजून भाजलेल्या बियांचा वास होता. केंद्राची प्रमुख होती त्याच गावची नयना. शेवटची वर्षं मीही मुंबईहून अधूनमधून तिथे येऊन बसत असे.

नयनाबद्दल थोडं सांगायला हवं. पुण्यात कंपनीच्या नोकरीत ती वर चढत गेली, साहेबांशी इंग्रजीत भांडण्याइतकी वर. तिचे वडील गेले तेव्हा ती पुण्याहून निघाली होती आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर आईला घरात एकटी ठेवून परत जाताना तिचा पाय निघेना. आमचं केंद्र सुरू झालं तेव्हा पहिला अर्ज तिचा होता. तिची आई म्हणजे अख्ख्या गावाची काकी. बोलण्यात तिखट. पोर संध्याकाळी घरी येते एवढ्या सुखावर काकी दहा वर्षांनी तरुण दिसायला लागल्या होत्या.

आणि मग आमच्या केंद्रावर संकट आलं, तेही फार चांगलं चाललंय म्हणून. माझ्या नकाशावर सगळे प्रदेश कुठे ना कुठे लाल होते, मालवण मात्र हिरवंगार. एकही माणूस सोडून जात नव्हता. मी मिशीला पीळ देत होतो. मुख्य कार्यालयाने मात्र याचा भलताच अर्थ काढला. कोणीच सोडून जात नाही, याचा अर्थ यांना बाहेर कोणी विचारत नाही! मालवण आणि पूर्वेकडचं एक शहर, या दोन केंद्रांपैकी एक बंद करायचं ठरलं. कुठलं, ते पाहायला तिकडच्या मोठ्या बाई, इंग्रिड, स्वतः येणार होत्या. मालवण बंद झालं तर नयनाला बढती देऊन त्या दुसऱ्या केंद्रात, क्वालालंपूरला, पाठवणार, हेही कळलं.

काकींनी ते ऐकलं. "जा गो जा," त्या म्हणाल्या. "माका काय धाड भरलीहा? मी रवतंय कोंबड्यांच्या सोबतीन." आणि पाठ फिरवून चुलीत उगाचच फुंकर मारत राहिल्या. चूल पेटलेलीच होती.

बाईंच्या भेटीची तारीख ठरली. आम्ही भिंती रंगवल्या, कारखान्याच्या दारात झेंडू लावला. आणि ऐन त्याच दिवसांवर देवाने कौल दिला.

आमच्या भागातल्या काही गावांत गावपळण असते. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावायचा, आणि देवाने हुकूम दिला की सगळ्या गावाने घरंदारं बंद करून शिवेबाहेर जायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळे. तीन दिवस, तीन रात्री गावात जीव म्हणून राहायचा नाही. ओढ्यापलीकडे झोपड्या घालायच्या, रांधायचं, भजनं म्हणायची, फुगड्या घालायच्या. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने हो म्हटलं की घरी परतायचं. का, म्हणून विचारलंत तर प्रत्येक जण वेगळं कारण सांगेल, पण जायचं मात्र सगळ्यांनी.

मी मुंबईला मेहरासाहेबांना फोन केला. हे आमचे भारतातले मुख्य. दिल्लीचा माणूस, स्वभावाने सज्जन, पण वरून फोन आला की उभं राहून बोलणारा. मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "देवाला पुढची तारीख द्यायला सांगा ना. एक आठवडा पुरे."

"साहेब, ते माझ्या अखत्यारीत येत नाही."

"मग कोणाच्या येतं? त्यांच्याशी माझी बैठक लावा."

बैठक काही लागली नाही. साहेबांनी ठरवलं की एवढ्या सुशिक्षित पोरांनी भरलेलं कार्यालय असल्या कारणाने बंद राहणं शक्यच नाही, आणि बाईंना काही कळवलंच नाही. मीही दुसऱ्यांदा फोन केला नाही. माझ्या मनात काय होतं म्हणाल तर थोडा हट्ट होता आणि थोडी मजा होती.

नयनाने मात्र कंपनीच्या शिस्तीत सगळं केलं. केंद्रातली माणसं जागेवर नसतील तर संगणकात कारण नोंदवावं लागायचं. रजा म्हणावं तर रजा नव्हती, काम चालूच राहणार होतं. आजारपण नव्हतं, संप नव्हता. एक पर्याय होता, 'परिसर रिकामा केला'. तो अगदी खरा होता. तिने तोच निवडला. खाली विचारलं होतं, कोणाच्या आदेशाने? तिने लिहिलं, 'स्थानिक सर्वोच्च अधिकारी'. कोण कोण बाहेर पडलं? 'सगळं गाव, गुराढोरांसकट'. परत कधी येणार? 'आदेश मिळाल्यावर'. पुण्यात शिकलेली मुलगी, खोटं कसं लिहिणार!

तेलाच्या कंपनीत 'परिसर रिकामा केला' याचा अर्थ एकच असतो. स्फोट, आग नाहीतर विषारी वायू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहरासाहेब, इंग्रिडबाई आणि मी मालवणातून गाडीने निघालो. बाई उंच, पांढरे केस बारीक कापलेले, बोलणं कमी. गाडी गावात शिरली आणि मला, माहीत असूनसुद्धा, कसंतरीच झालं. एक माणूस नाही. कुत्रं भुंकलं नाही. अंगणं झाडलेली, दारांना कुलपं, दोरीवर एक कपडा नाही. काजूच्या कारखान्याला भलंमोठं टाळं आणि दारात आमचा झेंडू.

"ते सगळे चहाला गेले असतील," मेहरासाहेब म्हणाले.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मुख्य कार्यालयाच्या आपत्कालीन कक्षातून होता. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. मालवणचं केंद्र रिकामं केलंय, अख्खं गाव हललंय, गुरंढोरंसुद्धा नेली आहेत, तुम्ही कुठे आहात?

"मी," बाई चारी बाजूंना बघत शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या बरोबर मध्यभागी उभी आहे."

मेहरासाहेबांनी नाकाला रुमाल लावला. मी म्हटलं, "साहेब, वायू नाही, देव आहे." पण त्यांनी रुमाल काढला नाही.

मग मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मग आपणही इथे असायला नको ना?" आणि ताबडतोब गाडीत जाऊन बसल्या. मला बाई तिथेच आवडल्या.

ओढ्यापलीकडे जत्रा भरली होती. माडाच्या झापांच्या झोपड्या, चुलींचा धूर, बांधलेली गुरं, गलका. एका मोठ्या झोपडीत इन्व्हर्टर लावून आमचं केंद्र चालू होतं. आदल्या दिवशी नयनाने सगळं टेम्पोतून हलवलं होतं. कानाला यंत्रं लावून पोरं आखाताशी, थंड समुद्राशी बोलत होती आणि मागे कोणाचा तरी रेडा ओरडत होता. आखातातला कोणी विचारी, हा आवाज कसला? आमचा पोरगा सांगे, जनरेटर.

बाई सगळीकडे फिरल्या. त्यांची नोकरी फलाटावर सुरू झाली होती. तिथे भोंगा झाला की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं आणि मोजणी द्यायची. त्यांनी काकींना विचारलं, नयनाने ते मालवणीत सांगितलं, "आये, त्या इचारतत, सगळी भायर इली काय?"

"सगळी खंयची?" काकी कळवळून म्हणाल्या. "माझी तांबडी कोंबडी टोपलीतसून सुटली ती परत गावात पळाली. मेली थयच रवलीहा."

"मग आणायला कोणी गेलं नाही?" बाईंनी विचारलं.

"कोण जातलो?" काकींचा आवाज चढला. "तांबडी गेली तर गेली. एकदा भायर पडला काय शीव वलांडूची नाय. माझ्या जिवाक लागलाहा, पण नाय म्हंजे नाय."

हे ऐकून बाई तिथल्या एका पालथ्या घमेल्यावर बसल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या फलाटावर एकदा आग लागली होती. सगळे बाहेर आले होते, मोजणी झाली होती. त्यांचा एक सोबती बायकोचा फोटो आणायला परत आत गेला. नयनाने ते आईला सांगितलं. काकींनी उकड्या तांदळाची पेज आणि सुकटाची वाटी बाईंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खा गो बाय. गरम आसा तवर खा."

बाई दुसऱ्या दिवशी परत जाणार होत्या. गेल्या नाहीत. देवबागला समुद्र आणि खाडीच्या मधल्या एका घरात खोली घेतली आणि रोज ओढ्यापलीकडे येऊन बसायला लागल्या. मेहरासाहेब मात्र मुंबईला गेले आणि तिथून दर थोड्या वेळाने मला विचारत राहिले, "मूड कसा आहे?" मी सांगायचो, काल बाईंनी फुगडी घातली.

कामात एकही पाळी चुकली नाही, हे बाईंनी पाहिलं. पण त्यांना माझ्या तक्त्यातलं कोडं सुटत नव्हतं. शेवटी त्यांनी थेट काकींनाच विचारलं. इथली माणसं सोडून का जात नाहीत? कुठे बोलावणं येत नाही म्हणून?

काकी हसल्या. "जायनत नाय कोण म्हणता? सगळे जातत. माझा चेडूच पुण्याक गेल्ला. हे बघ, आता सगळो गाव भायर आसा. पण आमी भायर पडताना परत येवचा ठरवनच पडतो. तुमच्या कंपनीत तसा करनत नाय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी इतकी वर्षं किती गेले ते मोजलं होतं. परत किती आले, हे कधी कोणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. नयना पुण्याहून 'गेली' तेव्हा मी पुण्याच्या खात्यावर लाल ठिपका लावला होता. ती कुठे पोचली, याला माझ्या नकाशात जागाच नव्हती. मला स्वतःचा राग आला, हे कबूल करतो.

चौथ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिला. सगळं गाव शिवेवर जमलं. आता गाऱ्हाणं व्हायचं होतं. गावाच्या वतीने मानकरी देवाकडे मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात. एकदा म्हटलं की ते देवाच्या साक्षीने कबूल केल्यासारखं. आमचे मानकरी तात्या, वय झालेलं, पण आवाज खणखणीत. बाई काकींच्या शेजारी उभ्या होत्या. नयना त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती.

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी सुरुवात केली, "तुझ्या हुकमान ही तुझी लेकरां शिवेभायर पडली, ती आज तुझ्याच हुकमान घराक येतत. काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गुराढोरांक, झाडामाडांक, समिंदरावर गेलेल्यांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तात्या थांबले. त्यांनी एक डोळा उघडून बाईंकडे बघितलं, पुन्हा मिटला. म्हातारा काय करणार ते मला कळलं.

"आनी बा देवा म्हाराजा, ही जी थंड मुलखातली बाय इलीहा, तिच्या मनात काय किंतू आसात तो काढून टाक. काजूच्या कारखान्यातली आमच्या पोरांची नोकरी हयच ऱ्हवांदे. चेडवां आवशीकडे, झील बापाशीकडे ऱ्हवांदेत रे म्हाराजा!"

मुली आयांकडे, मुलगे बापांकडे राहू देत, असं हे मागणं. सगळं गाव, बाया, पोरं, तोंडात गवत चघळणारी गुरंसुद्धा, बाईंकडे बघत होतं. काकी मात्र जमिनीकडे बघत होत्या. आजवर मी त्यांना कोणापुढे मान खाली घातलेली पाहिली नव्हती.

बाईंनी हात जोडले. त्यांच्या तोंडून ते शब्द वेडेवाकडेच आले, पण मोठ्याने आले. "व्हय म्हाराजा!"

मग सगळ्या गावाचा असा आवाज उठला की बांधलेली गुरं दावी ओढायला लागली.

मी घाबरत घाबरत बाईंजवळ गेलो. म्हटलं, "बाई, तुम्ही आत्ता काय कबूल केलंत, ते कोणी तुम्हाला सांगायला हवं."

"नयनाने सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणण्याच्या आधी."

केंद्र राहिलं. मेहरासाहेबांनी मुंबईत ते आपल्या दूरदृष्टीचं फळ म्हणून मांडलं आणि मी टाळ्या वाजवल्या. पूर्वेकडच्या त्या शहरातलं केंद्र मात्र बंद झालं. तिथल्या माणसांच्या वतीने गाऱ्हाणं घालायला कोणी तात्या नव्हते, हे मला अजून टोचतं. माझ्या शेवटच्या तक्त्यात मी त्यांच्यासाठी परत येणाऱ्यांचा रकाना आखून ठेवला. निवृत्त होईपर्यंत तो रिकामाच होता.

त्या दिवशी मी काकींबरोबर त्यांच्या घरापर्यंत गेलो होतो. कुलूप काढायला गेलो तर तांबडी पडवीत सुपात बसलेली, तीन दिवस गाव एकटीने राखल्याच्या तोऱ्यात. काकींनी तिला उचलून पोटाशी धरलं आणि मग कोंबडीच्या पिसांत तोंड घालून रडायला लागल्या.

नयना म्हणाली, "आये, गावली मगे ती. आता कित्याक रडतंस?"

"तुका काय कळता?" काकी डोळे पुसत म्हणाल्या. "मी कोंबडेसाठी रडतंय काय?"